नागपूर परिसरातली हिवाळी पायी भटकंती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी आटोपली, पहाटे पंखा बंद करावासा वाटू लागला की रविवारी चालणाऱ्या आमच्या गटाकडे नव्या मंडळींचे फोन सुरू होतात. प्रश्न बहुतेक तेच असतात आणि ते विचारलेच पाहिजेत असे असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे थोडक्यात सांगून भागत नाही.

नागपूरला डोंगर आहेत कुठे? त्यासाठी सह्याद्रीतच जायला नको का?

नको. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, पठारावर वसलंय. सह्याद्रीसारखे कडे इथे मिळणार नाहीत. पण चालायला जागा हवी असेल तर आपण भाग्यवान आहोत. सुरुवात शहरातल्याच सेमिनरी हिल्सपासून करा. चढ-उतार आहेत, झाडी आहे आणि चूक झाली तरी दहा मिनिटांत रस्त्याला लागता येतं. पायांना सवय झाली की रामटेक. नागपूरहून पन्नासेक किलोमीटर, एसटी आहे, इतवारीहून रेल्वेही आहे. अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी गडावर चढायचं, रुद्र नरसिंह आणि केवल नरसिंह ही वाकाटककालीन मंदिरं सावकाश पाहायची आणि परतताना नगरधनचा किल्ला करायचा. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच, असं अभ्यासक मानतात. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेक, ही समजूत तर आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडलेली असते. त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेचे दिवस मात्र टाळा. त्या दिवशी जायचं तर जत्रेसाठीच जावं.

माझी स्वतःची सगळ्यात आवडती हिवाळी वाट सपाटीवरची आहे. काटोल रस्त्याला जुनापाणी इथे लोहयुगातली शिळावर्तुळं आहेत, सुमारे तीनशे. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे उत्खनन केलं, पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याने केलं. वर्तुळातल्या काही दगडांवर ओळीने कोरलेले छोटे छोटे वाटीसारखे खळगे आहेत. दुपारी बाराच्या उन्हात ते शोधूनही सापडत नाहीत. जानेवारीत सकाळी आठच्या सुमारास, ऊन तिरपं असताना, प्रत्येक खळग्याच्या एका कडेला सावली धरते आणि अख्खी ओळ एकदम उठून दिसते. बोट न लावता, वाकून पाहा. त्या दगडांवर बसू नका, खडूने खुणा करू नका. हे संरक्षित स्मारक आहे आणि आजूबाजूला शहर वाढतंय. तिथे पाय वाजत राहिले तर त्यावर लोकांची नजर राहील, एवढ्यासाठीही आम्ही दर हिवाळ्यात तिथे जातो.

हंगाम नेमका कधीपासून कधीपर्यंत?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. नोव्हेंबरात गवत कमरेएवढं असतं आणि दव इतकं पडतं की गुडघ्यापर्यंत पँट भिजते. डिसेंबर-जानेवारी उत्तम. फेब्रुवारी सरता सरता दुपार तापायला लागते, पानगळ होते, पळस फुलतो. पळसासाठी म्हणून एक शेवटची वाट अवश्य करावी, पण सकाळी दहाच्या आत.

थंडीचा अंदाज बांधायची सोपी रीत आहे. उत्तरेकडून कोरडे वारे येऊ लागले आणि रात्री आभाळ निरभ्र राहिलं की पारा झरझर उतरतो. ढग आले की रात्र उबदार होते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती, तेव्हा ‘नागपुरात कसली थंडी’ असं पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी म्हटलं तर मनावर घेऊ नका. शिवाय थंड हवा जड असते, ती रात्री उताराने खाली येऊन नाल्यात आणि तलावाकाठी साचते. टेकडीवर बरं वाटतं आणि नाला ओलांडताना हुडहुडी भरते, त्याचं कारण हे. पहाटे थांबायची वेळ आली तर नाल्यात थांबू नका, थोडं वर चढून थांबा.

जानेवारीअखेरपासून अवकाळी पाऊस आणि गारपीट यांचाही भरवसा नसतो. निघण्याआधी हवामान खात्याचा अंदाज पाहणं हे आमच्याकडे ठरवून एकाचं काम असतं.

पहाटे किती वाजता निघायचं?

भेटायचं सहाला, चालायला लागायचं उजाडल्यावर. जानेवारीच्या सुरुवातीला नागपुरात सूर्य उगवतो पावणेसातच्या थोडं पुढे. त्याआधी शेतवाटेने आणि जंगलाच्या कडेने चालायचं नाही, हा नियम आम्ही मोडत नाही. त्यामागे एक कारण आहे, ते नव्या माणसाला माहीत नसतं.

रानडुकरं हरभरा आणि तूर उद्ध्वस्त करतात, म्हणून शेतकरी कुंपणाला तार लावतात. बहुतेकांकडे झटका मशीन असतं, त्याचा धक्का बसतो पण जीव जात नाही. काही ठिकाणी मात्र सरळ विजेच्या खांबावरून करंट सोडलेला असतो. ते बेकायदा आहे, त्यात जनावरं मरतात आणि माणसंही. अंधारात गुडघ्याच्या उंचीवरची एकेरी बारीक तार दिसत नाही. उजेडातसुद्धा बांधावर लाकडी खुंट्या आणि त्यांवर काचेच्या बाटलीचे किंवा रबराचे तुकडे दिसले की तिथेच थांबा, तारेला हात लावू नका, काठीही लावू नका. मोठ्याने हाक मारा. शेतात जागलीला कोणीतरी असतं. ‘काहून जी, एवढ्या पाह्यटे कुठी चालले?’ असं तो विचारेल आणि पलीकडची खरी वाट दाखवेल.

परतीचंही तसंच. सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो आणि टेकडीच्या पूर्व अंगाला त्याच्या कितीतरी आधी सावली येते. दिवसभराची वाट असेल तर साडेतीनला जिथे असू तिथून मागे फिरायचं.

कपडे काय घालू?

पहाटे दहा अंश आणि दुपारी अठ्ठावीस, असा आपला हिवाळा असतो. त्यामुळे एक जाड स्वेटर निरुपयोगी. आत घाम लवकर सुकेल असा टी-शर्ट, वर पातळ लोकरीचं किंवा फ्लीसचं काहीतरी, सगळ्यावर विंडचीटर. चालायला लागल्यावर दहा मिनिटांत एक थर काढून सॅकमध्ये टाका, घाम फुटायची वाट पाहू नका. घामाने भिजलेला सुती बनियन थांबल्यावर जेवढी थंडी लावतो तेवढी हवेतली थंडी लावत नाही. कान आणि मान झाकायला मफलर किंवा बफ, आणि पहिल्या तासासाठी हातमोजे.

पॅंट पायघोळ आणि गुळगुळीत कापडाची हवी. कुसळ हा इथल्या हिवाळ्याचा खास प्रसाद आहे. वाळलेल्या गवताची ती टोकदार बीजं लोकरीच्या मोज्यात शिरली की पिळा घेत आत आत जातात. ओढून निघत नाहीत, मोजे उलटे करून टोकाच्या बाजूने एकेक काढावी लागतात. घोट्यावर बांधायचे गेटर असतील तर उत्तमच, नसतील तर जुन्या छत्रीच्या कापडाची पट्टी गुंडाळून तेच काम होतं.

बूट नवे घ्यायची घाई नको. तळवा घसरत नसलेले, पायाला सवय झालेले कुठलेही चालतील.

पाणी आणि खाणं किती न्यायचं?

पाणी दोन लिटर, थंडी असली तरी. तहान कमी लागते म्हणून लोक पीत नाहीत आणि अकरा वाजता डोकं धरून बसतात. खाण्याला तिळाची चिक्की, शेंगदाणे-गूळ, पोळीचा रोल, आणि अर्थातच संत्री. आंबिया बहाराची संत्री डिसेंबरपर्यंत बाजारात असतात, मृग बहाराची फेब्रुवारीपासून येतात. आपल्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण साल खिशात घालून घरी न्या. ‘ती तर कुजते’ हे उत्तर आम्ही ऐकून घेत नाही. कोरड्या हिवाळ्यात ती कित्येक दिवस तशीच पडून राहते, तिच्या वासाने माकडं वाटेवर येऊन बसतात आणि पुढच्या माणसाच्या पिशवीवर झडप घालतात. वाटेतल्या बागेतलं फळ मालकाला विचारल्याशिवाय तोडायचं नाही, पडलेलंही उचलायचं नाही.

तर्री पोहे परत आल्यावर. आधी खाल्ले तर चढावर त्रास होतो.

जंगलात वाघ आहेत. परवानगी लागते का?

लागते, आणि यात पळवाट शोधायची नाही. पेंच, बोर, उमरेड-पवनी-कऱ्हांडला ही संरक्षित क्षेत्रं आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार तिथे परवान्याशिवाय शिरणं हा गुन्हा आहे. पायी जायचं असेल तर वन विभागाने जिथे पायवाट ठरवून दिली आहे तिथेच, त्यांचा गाइड सोबत घेऊन. बाहेरच्या राखीव जंगलातसुद्धा आम्ही आधी त्या भागाच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारतो. आरएफओ, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी, ‘सध्या त्या कंपार्टमेंटमध्ये (जंगलाच्या त्या भागात) वाघाची हालचाल आहे, जाऊ नका’ म्हणाले तर वाट बदलतो. वाघाला नकाशावरची हद्द दिसत नाही. काटोल-कोंढाळीकडे, उमरेडकडे तो शेतांतूनही ये-जा करतो.

चालताना काय पाळायचं? एकत्र राहायचं, हळू आवाजात बोलत राहायचं, कानात इअरफोन घालायचा नाही. चितळाची किंवा सांबराची धोक्याची हाक, वानराचं खाकरणं एकाच दिशेने पुन्हा पुन्हा येत असेल तर ‘पाहू तरी’ म्हणून पुढे जायचं नाही, वळायचं. धुळीत पंजाच्या ठशाच्या कडा अजून धारदार असतील, त्यावर पान किंवा किड्याची रेघ नसेल, तर तो ताजा आहे असं समजून परत फिरायचं. समोरच आला तर पळायचं नाही, वाकायचं नाही, सगळ्यांनी खेटून उभं राहून त्याच्याकडे तोंड ठेवत मागे सरकायचं. वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आणि आपत्कालीन ११२ मोबाइलमध्ये आधीच साठवून ठेवा.

वाघ सोडून आणखी कशाची काळजी घ्यायची?

खरं तर याचीच जास्त. आमच्या वाटांवर सर्वांत मोठा धोका आग्या मोहोळाचा आहे. उंच झाडांवर, कड्याच्या कपारीत, जुन्या दरवाजांच्या कमानीखाली ती पोळी लोंबत असतात. धूर, अत्तर, डिओ, आरडाओरडा, भिरकावलेला दगड, यांतलं काहीही त्यांना पुरतं. माश्या उठल्या तर तोंड झाकून सरळ, लांबवर पळायचं. इथे मात्र पळायचंच. पाण्यात उडी मारणं कामाचं नाही, त्या वर घिरट्या घालत थांबतात. ज्यांना डंखाची ॲलर्जी आहे त्यांनी ते पहिल्याच दिवशी सांगावं.

अस्वल बोरांच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीच्या आसपास, बोरीच्या झुडपांत खाली मान घालून खाण्यात गर्क असतं. त्याला ऐकू उशिरा येतं, दचकलं की अंगावर येतं. दाट बोरीतून जाताना टाळी वाजवत जा.

घोणस थंडीत सकाळी ऊन खायला वाटेवरच पडलेली असते आणि वाळल्या सागाच्या पानांत अजिबात ओळखू येत नाही. काठी आपटत चाला, ओंडका ओलांडताना आधी त्याच्यावर पाय ठेवा, मग पलीकडे पाहून उतरा. चावलाच साप, तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. अंगठी-कडं काढा, तो हात किंवा पाय खपाटी लावून हलणार नाही असा ठेवा, १०८ ला फोन करा आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा. ते पुढे गरज असेल तर मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, पाठवतील.

आणि खाजकुइली. विदर्भात कोणी खाजकुयरी म्हणतं. वेलीवर तपकिरी मखमली शेंगा दिसतात, इतक्या सुंदर की लहान मूल हात घालणारच. त्यावरची लव कातडीला लागली की अंगाची आग होते. चोळू नका, पाण्याने धुवायचीही घाई करू नका. चिकटपट्टी लावून ओढून काढा, दोन-तीनदा. म्हणून आमच्या प्रथमोपचार पेटीत चिकटपट्टीचं रीळ असतंच.

शेकोटी पेटवली तर चालेल का?

नाही. जंगलात विस्तव नाही, सिगारेटही नाही. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरला जातो, पण गवत त्याच्या कितीतरी आधी वाळतं. गावात कोणाच्या अंगणात शेकोटी असली आणि त्यांनी बसा म्हटलं तर खुशाल बसा.

कोणाला ओळखत नाही. एकदम गटात आलं तर चालतं का?

असंच सगळे येतात. पहिल्या वेळी सेमिनरी हिल्सची छोटी वाट करा. त्यात आम्हाला तुमची चाल कळते आणि तुम्हाला आमचे लोक कळतात. गटात बँकेतले निवृत्त काका आहेत, मेडिकलच्या विद्यार्थिनी आहेत, बुटीबोरीच्या कारखान्यातून रात्रपाळी करून सरळ येणारे दादा आहेत. एकट्या येणाऱ्या बाई असतील तर त्यांना घरापासून भेटायच्या जागेपर्यंत सोबत कोण, हे आदल्या रात्रीच ठरतं. कोण कुठल्या गाडीवर आलं आणि कोणासोबत परत गेलं याची वही असते. ही वही कोणाला कटकट वाटली तरी ती भरावीच लागते.

माझी चाल हळू आहे. मी सगळ्यांना अडवेन, असं वाटतं.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि जास्त करून चाळिशीच्या पुढच्या बायकांकडून येतो, म्हणून याचं उत्तर मनापासून देते.

आमच्याकडे सगळ्यात पुढे कोण चालतं याला महत्त्व नाही. महत्त्व आहे ते शेवटच्या माणसाला. ही ठरवून दिलेली जबाबदारी असते, दर वेळी कोणीतरी अनुभवी ती घेतो. त्याच्या मागे कोणीच नसतं, म्हणजे नसतंच. पुढचा माणूस दर फाट्यावर थांबतो आणि शेवटचा दिसल्याशिवाय हलत नाही. इथे बहुतेक गट एक चूक करतात. मागचे पोचले की पुढचे लगेच उठून चालू लागतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत जास्त त्यालाच ती मिळत नाही. आम्ही मागचा माणूस पोचल्यावर पाच मिनिटं मोजतो, त्याने पाणी प्यायलं का बघतो, मग निघतो. गटाची चाल ही सगळ्यात हळू माणसाची चाल. ज्याला धावायचं आहे त्याच्यासाठी अंबाझरी तलावाचा काठ आहे.

हळू चालणाऱ्यांना दिसतंही जास्त. रातवा पक्षी वाटेवर बसला की पाचोळ्यापासून वेगळा ओळखता येत नाही. तो आमच्यात बहुतेक वेळा मागच्या मंडळींनाच दिसलाय.

मुलं, आजी-आजोबा, घरचा कुत्रा?

आठ वर्षांपुढची मुलं आई किंवा वडील सोबत असतील तर येऊ शकतात. आजी-आजोबांसाठी जुनापाणी आणि गोरेवाड्याच्या बाजूची सपाट वाट उत्तम, रक्तदाबाची गोळी घेऊनच निघा, उपाशी नको. कुत्रा नको. बिबट्याला तो भक्ष्य वाटतो आणि त्याच्यापासून वन्यप्राण्यांना रोग जातात.

गावातल्या लोकांशी कसं वागायचं?

पाहुण्यासारखं. आपल्याकडे सह्याद्रीतल्यासारख्या खुणा रंगवलेल्या वाटा फार थोड्या. आपण चालतो त्या गुराख्यांच्या, मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचणाऱ्यांच्या, देवाला जाणाऱ्यांच्या वाटा आहेत. त्यांनी त्या पिढ्यान्‌पिढ्या पायाने राखल्या आहेत. पारशिवनीकडे पेंच नदीकाठी कुंवारा भिवसन हे गोंड समाजाचं श्रद्धास्थान आहे. तिथे गेलात तर चपला कुठे काढायच्या, फोटो चालतो का, हे आधी विचारा. ‘जय सेवा’ म्हटलंत तर समोरच्याचा चेहरा खुलतो.

वाट विचारताना बोट दाखवून ‘तिकडेच ना?’ असं विचारू नका. भिडेखातर माणूस हो म्हणतो. ‘अमुक गावाला कसं जायचं?’ असं मोकळं विचारा आणि पूर्ण ऐकून घ्या. चहा दिला तर घ्या, पैसे पुढे करून त्यांना ओशाळवाणं करू नका. त्याऐवजी परत येताना त्यांच्याकडूनच तूरडाळ, बोरं, संत्री विकत घ्या, घासाघीस न करता. जिथे दरवर्षी जातो तिथल्या शाळेला गटातले काही जण वह्या आणि दुर्बीण घेऊन जातात. आमच्यातल्या कोणाच्याही पक्षीज्ञानाला मागे टाकतील अशी पोरं त्या शाळेत आहेत.

कापूस वेचायचे दिवस असतात, शेतातून गेलात तर एका ओळीत, बांधावरून.

गटाची म्हणून काही कामं असतात का, की नुसतं चालायचं?

कामं आहेत, आणि खरं सांगायचं तर गट टिकलाय तो कामांमुळे. नुसतं चालणारे दोन हिवाळे येतात आणि गळतात. हाताला काम मिळालं की माणूस राहतो.

नागपूरची संक्रांत म्हणजे पतंग आणि नायलॉन मांजा. त्यावर बंदी आहे, तरी तो उडतो. पंधरा जानेवारीनंतरचे रविवार आम्ही सेमिनरी हिल्स आणि अंबाझरीच्या झाडांवरून मांजा काढण्यात घालवतो. लांब बांबूला आकडी बांधायची, धागा ओढायचा नाही, गुंडाळत यायचं, नाहीतर फांदीत अडकलेल्या पक्ष्याचा पंख तुटतो. हातात जाड मोजे हवेतच. जखमी पक्षी सापडला तर पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवून सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला न्यायचा. पाणी तोंडात ओतायचं नाही. काढलेला मांजा लगेच बारीक कापायचा, कचऱ्यात तसाच टाकला तर तो पुन्हा कोणाच्या तरी पायात येतो. या आठवड्यात दुचाकीवर येणाऱ्यांनी गळ्याभोवती जाड मफलर बांधल्याशिवाय घरून निघू नये, ही विनंती नव्हे, अट आहे.

पाच ते बारा नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडलेला. चितमपल्ली कितीतरी वर्षं नागपुरात राहिले, त्यामुळे आमच्यासाठी तो आठवडा घरचा आहे. जानेवारीत तलावांवर पाणपक्ष्यांची गणना असते. चक्रवाक आणि पट्टकादंब ओळखता आले नाहीत तरी आकडे लिहून घ्यायला माणसं लागतातच.

नव्या वाटेचं लोकेशन सगळ्यांना पाठवू का?

रामटेक, गाविलगड, सेमिनरी हिल्स अशा सर्वांना ठाऊक असलेल्या जागांचं जरूर पाठवा. घुबडाची ढोली, गरुडाचं घरटं, अस्वलाची गुहा, देवराई, यांचं नाही. एका रविवारी गर्दी झाली की पक्षी अंडी सोडून जातात. ताज्या पंजाचा फोटोही दोन आठवड्यांनी, गावाचं नाव न टाकता.

मुक्कामी जायचं तर कुठे? चिखलदरा की पचमढी?

पहिल्यांदा चिखलदरा. उंची अकराशे मीटरच्या वर, कॉफीची झाडं, भीमकुंड, आणि गाविलगड. हा किल्ला १८०३ च्या डिसेंबरातच इंग्रज सेनानी वेलस्लीच्या फौजेने घेतला. शार्दूल दरवाजावरचं गंडभेरुंडाचं शिल्प पाहायला सकाळचा उजेड धरा. किल्ला मेळघाटच्या जंगलात आहे, अंधार पडायच्या आत बाहेर यायचं. रात्री दव गोठेल इतकी थंडी पडू शकते. पांघरुणापेक्षा अंथरूण महत्त्वाचं आहे, जमीन अंगातली ऊब ओढून घेते, म्हणून मॅट जाड घ्या, पातळ असली तर दोन घ्या.

पचमढीशी आपलं नातं वेगळं आहे. विदर्भातल्या कितीतरी घरांतली माणसं महाशिवरात्रीला त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागडला गेली आहेत, श्रावणात नागपंचमीला नागद्वारला गेली आहेत. ‘हर बोला हर हर महादेव’ म्हणत, सॅक आणि ट्रेकिंगचे बूट यांचा पत्ता नसताना ते डोंगर त्यांनी अनवाणी पार केले. घरात असं कोणी असेल तर निघायच्या आधी त्यांच्याजवळ बसून वाट समजून घ्या. धूपगड हा सातपुड्यातला सर्वांत उंच माथा, १,३५२ मीटर.

यंदा हिवाळ्यात हिमालयात, केदारकंठाला जायचंय. इथे चालून तयारी होते का?

पायांची आणि दमाची होते. रामटेकच्या पायऱ्या पाठीवर आठ-दहा किलो घेऊन आठवड्यातून दोनदा, तीन महिने. उतरण्याचा सराव विसरू नका, गुडघे उतारावरच बोलतात. उंचीची तयारी मात्र नागपुरात होत नाही. तो माथा साडेबारा हजार फुटांवर आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. डोकं दुखतंय, मळमळतंय आणि भूक मेली आहे, तर वर जायचं नाही. वाढलं तर खाली उतरायचं, पैसे भरलेत म्हणून थांबायचं नाही. बर्फात मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटांखाली चढवायचे काटे, लागतात, ते इथे वापरून पाहता येत नाहीत, तेव्हा तिथे पहिल्या दिवशी सपाटीवर सवय करून घ्या.

गुडघा दुखावलाय / बाळ लहान आहे / बदली झाली. आता माझं काय काम?

तुम्ही गटातच आहात. चालणं बंद झालं की माणसाला वाटतं आता आपण बाहेरचे. पहिले दोन रविवार वाईट वाटतं, तिसऱ्यापासून फोन उचलायचं जिवावर येतं. ते होऊ देऊ नका, आणि गटातल्या बाकीच्यांनीही होऊ देऊ नये.

प्रत्येक वाटेला शहरात बसलेला एक माणूस लागतो. त्याच्याकडे सगळ्यांची नावं, घरचे नंबर, रक्तगट, ठरलेली वाट आणि परतायची वेळ असते. त्या वेळेपर्यंत ‘पोचलो’ असा निरोप आला नाही तर तो फोनाफोनी सुरू करतो. जंगलात रेंज नसते, त्यामुळे ही कामगिरी आमच्या मते पुढे चालणाऱ्याइतकीच मोठी आहे. आमच्याकडे ती बरीच वर्षं एक काकू सांभाळतात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या चढल्या नाहीत, पण कुठल्या वाटेवर कुठे रेंज येते हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. ‘नाल्यापलीकडे आंब्याखाली उभं राहून मेसेज कर,’ असं त्या नव्या पोरांना सांगतात.

याशिवाय पक्ष्यांच्या नोंदी नीट उतरवणं, प्रथमोपचार पेटीतल्या औषधांच्या तारखा तपासणं, नव्याने फोन करणाऱ्याशी दहा मिनिटं शांतपणे बोलणं, ही कामं घरून होतात. बाळ घेऊन पोह्यांच्या टपरीवर साडेदहाला भेटायला आलात तरी चालतं. बदली होऊन गेलेले हिवाळ्यात एकदा तरी येतात आणि त्यांच्यासाठी रामटेकची वाट राखून ठेवलेली असते.

उन्हाळ्यात गट बंद असतो का?

लांब वाटा बंद. पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा धाडस करण्यात अर्थ नाही. सकाळी सहा ते साडेसात शहरातच चालतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभाग मचाणावरून पाणवठे पाहण्याचा निसर्ग अनुभव ठेवतो, त्यासाठी गटातले काही जण नाव नोंदवतात. पेंचला २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क हा मान मिळाला, तेव्हापासून तारे पाहायला जाणाऱ्यांचीही संख्या वाढली आहे. मे महिन्यात एक रविवार प्रथमोपचाराच्या उजळणीसाठी असतो, सर्पदंशाची खपाटी बांधायचा सराव त्यात प्रत्येकाला करावाच लागतो.

वर्गणी किती?

नाही. गाडीचं पेट्रोल वाटून घ्यायचं, एसटीचं तिकीट ज्याचं त्याने काढायचं. गाइड लागला तर त्याचे पैसे सगळ्यांत समान आणि जागेवर रोख. विद्यार्थ्यांचा वाटा बाकीचे उचलतात, ते मोठ्याने बोलून दाखवायचं नाही.